विमानतळावरचं परस्थान

लिही गं हेमा. पर मी बोलते तसंच लिही. मागं तू माझं बोलणं सुधारून लिहिलंस आन् वाचून दाखवलंस, तवा मला वाटलं रेडिओवर बातम्याच लागल्या.

आज तुझ्या गेनबा आजोबांचं सांगते. गेनबा म्हंजे माझे धाकटे दीर, मी त्येंना भावजी म्हणते. तू त्येंना फोटोतच बघितलंस. भिंतीवर त्यो फोटो हाय न्हवं, फेटा बांधलेला म्हातारा आन् मागं पिवळी गाय, त्येच. ती गाय लोण्याची हाय. खोटं न्हाई सांगत, समदी गाय लोण्याची, शिंगासकट. अमेरिकेतली हाय. पर गाय मागनं. आधी माणूस.

आपली बिबवेवाडी तवा खरंच वाडी व्हती. तू ज्या लिफ्टनं वर येतीस, तितं भावजींचा काकडीचा वाफा व्हता. शेतात माणूस वाघ. उधळल्याल्या बैलाला आडवं जायचं, विहिरीत उतरून गाळ काढायचा, साप दिसला तर "जा बाबा तुझ्या कामाला" म्हणायचं. कशाला म्हणून भ्यायचे न्हाईत. फकस्त एका शब्दाला भ्यायचे. "कुठं" ह्या शब्दाला.

बाहेर निघालेल्या माणसाला कुठं चालला म्हणून इचारू नये, ह्ये आपल्यात समद्यांना ठाऊक हाय. इचारलं की कुठकुट लागली. मंग मागं फिरावं, जरा टेकावं, घोटभर पाणी प्यावं, गुळाचा खडा तोंडात टाकावा आन् पुन्हा निघावं. शिंक आली तरी तसंच. आता आपण बी पाळतो, पर कसं? घाई असली की दारातच बसल्यासारखं करायचं आन् उठायचं. भावजींचं तसं नसायचं. भावजी पुरतं टेकायचे. चुलीवर एक कालवण शिजंल इतका येळ. आन् तेवढ्यात दुसऱ्यानं इचारलं, तर पुन्हा पहिल्यापास्नं.

ह्येचं कारण व्हतं त्येंच्या बापात. म्हंजे माझे मामंजी. एके दिवशी मामंजी दुधी भोपळे घेऊन मंडईला निघाले. भावजी तवा एवढेसे, नाक वाहतंय, चड्डी सुटतीया. मागनं वरडले, "आबा, कुठं चालला?" मामंजी हसले आन् तसेच गेले. टेकले न्हाईत. मंडईत एक गिऱ्हाईक भोपळा कवळा हाय का जून, म्हणून नखानं टोचून बघाया लागलं. मामंजी म्हणले, टोचू नगा. त्यानं टोचला. मामंजी म्हणले, आता टोचून बगा. त्यानं पुन्हा टोचला. मामंजींनी त्योच भोपळा उचलून त्याच्या टाळक्यात घातला. गिऱ्हाईक निघालं साध्या कपड्यातला हवालदार. भोपळा जून व्हता ह्ये तवा समद्यांना कळलं. हवालदाराचा दात पडला आन् मामंजी येरवड्याच्या तुरुंगात गेले. सुटून आले तवा भावजींनी दारात दाढीवाला माणूस बघितला आन् म्हणले, "कुठनं आलात, पावणं?" घर समदं हसलं. भावजी मातूर वळख पटल्यावर जे रडाया लागले, ते जेवलेच न्हाईत.

तवापास्नं त्येंच्या डोक्यात बसलं, का आपण कुठं इचारलं म्हणून बाप तुरुंगात गेला. हवालदाराच्या नखाचा काय दोष न्हाई, मामंजींच्या रागाचा न्हाई. दोष कुठंचा.

भावजींच्या लग्नात तर कहरच. कात्रजच्या पल्याड नवरीचं, सोजरचं माहेर. वरात बैलगाड्यांनी निघाली. वाटंत एक दूधवाला भेटला, त्यो बिचारा आनंदानं म्हणला, "कुठं चालली वरात?" झालं. नवरदेव गाडीतनं उतरले आन् मुंडावळ्या बांधलेले बाभळीखाली टेकले. आमचे ह्ये हात जोडत्यात, मामंजी शिव्या देत्यात, वाजंत्री वाजवून वाजवून दमले. हिकडं सोजर मांडवात हार घेऊन उभी. कुणीतरी पुढं जाऊन सांगितलं, नवरदेव वाटंत टेकलाय. ती काय म्हणली असंल? "टेकलाय न्हवं? पळाला न्हाई ना? मंग येईल." मला तवाच कळलं, ही पोरगी ह्या घरात नांदणार.

नांदली बी. सोजर व्हती तवर भावजींचं निभावलं. ती पुढं चालायची आन् वाटंत जो दिसंल त्याला लांबनंच दटवायची, "इचारू नगा हं! तोंड मिटा!" तिच्या जिवावर भावजी जेजुरीपत्तूर जाऊन आले. ती गेली आन् भावजी घरात रुतले.

त्येंना एकच लेक, मंदाकिनी. हुशार. शिकली, बंगळूरला नोकरीला लागली. तितं ती टायफॉईडनं आजारी पडली, भावजी तीनदा पिशवी घेऊन निघाले आन् तीनदा कोपऱ्यावरनं परत आले, टेकून उठेपत्तूर गाडी सुटल्याली. एकदा वाण्यानं इचारलं, एकदा भाजीवालीनं, एकदा रिक्षावाल्यानं. आता रिक्षावाला कुठं न इचारता रिक्षा चालवंल कशी? तिचं नवं घर झालं, वास्तुशांतीला भावजी न्हाईत. डोहाळजेवणाला न्हाईत. मंग ती नवऱ्यासंगं अमेरिकेला गेली आन् तितं तिला लेक झाली. एक दिवस तिचा मला फोन आला. रडत न्हवती, त्येचीच मला भीती वाटली.

"काकू, तिकीट पाठवलंय. बाबांना सांग, या वेळी आले नाहीत तर मी समजेन की मला माहेर नाही. परत बोलावणार नाही, आणि फोनही करणार नाही."

मी भावजींना जसंच्या तसं सांगितलं. भावजींनी खुंटीवरची पिशवी काढली, पुन्हा अडकवली. मंग म्हणले, "वैनी, तितं किती माणसं भेटतील वाटंत?"

मी म्हणलं, "भावजी, अमेरिका हाय ती. लई भेटतील."

आता हितं यज्ञेश्वरराव आले. आपल्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे, मूळचे सदाशिव पेठेतले, कचेरीतनं रिटायर झाल्याले. भावजींची आन् त्येंची दोस्ती अशी, का दोघं एका बाकावर बसायचे आन् एकमेकांना टोचायचे. भावजी म्हणायचे, "ह्यो बाक हाय न्हवं, हितं माझा गोठा व्हता." यज्ञेश्वरराव म्हणायचे, "हे आपण दिवसातून एकदाच सांगावं. बैलांनीसुद्धा इतकी आठवण काढली नसेल."

यज्ञेश्वररावांचा ल्योक बी त्याच मुलखात, मधल्या अंगाला, जितं बघावं तितं मका. ते तितं एक उन्हाळा राहून आल्याले. मंदाच्या गावाचं नाव मला काय घेता येत न्हाई, लिहायची अक्षरं येगळी आन् बोलायची येगळी. भावजी "दिमाईन" म्हणायचे, मी बी तेच म्हणते.

"पाहिलंय मी ते शहर," यज्ञेश्वरराव म्हणले. "ना मोठं, ना लहान. पूर्वी पुणं होतं तसं. म्हणजे राहण्यालायक."

"बघायला काय हाय तितं?"

"सोन्याच्या घुमटाची कचेरी आहे. शनिवारी रस्त्यावर शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथे घासाघीस करत नाहीत."

"मंग बाजाराला जायचं कशाला?"

"ऐकून घ्या. गावातल्या इमारती काचेच्या पुलांनी एकमेकींना जोडल्यात. थंडीत माणूस रस्त्यावर पाऊल न ठेवता गावभर हिंडतो."

"मंग आपण बाहेर पडलो, ह्ये शेजाऱ्याला कळतं कसं?"

"कळत नाही. तेच तिथलं सुख. तुम्ही कुठे निघालात, कोणी विचारत नाही. हवामानाबद्दल दोन शब्द बोलतात आणि जातात."

भावजींनी बाकावरचे पाय खाली घेतले. "कुणी म्हंजे कुणीच न्हाई?"

"कोणीच नाही. आणि श्रावणात तिथे जत्रा भरते. तिच्यात लोण्याची गाय असते. खऱ्या गाईएवढी. काचेच्या थंड खोलीत ठेवतात."

"लोण्याची?" भावजींना हसू आवरंना. "यज्ञेश्वरराव, आधी गाय, मंग दूध, मंग लोणी. तुम्ही पेठेतली माणसं, तुम्हाला कुणीतरी उलटं दाखवलंय."

पर मनात ती गाय बसली. नातीसाठी तर जीव तुटतच व्हता. आन् कुणी कुठं न इचारणारा गाव देवानं केलाय, ह्ये ऐकून माणूस तयार झाला.

मंग यज्ञेश्वररावांनी शिकवणी चालू केली. रोज सांजच्याला, त्याच बाकावर. परदेशात जिवाला कसं जपायचं, ह्येची. वादळाचा भोंगा वाजला का तळघरात जायचं. मोठ्या रस्त्याच्या कडंनं पायी चालायचं न्हाई, पोलीस गाडी थांबवून काळजीनं चौकशी करत्यात. दुसऱ्याच्या लेकराचा गालगुच्चा घ्यायचा न्हाई. आन् एक नियम ते बोट वर करून सांगायचे, "बेवारस वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, सरळ पोलिसांना सांगायचं. हा नियम तिथलाही आणि इथलाही. मी स्वतः कसोशीने पाळतो."

रस्ता वलांडायचा नियम मातूर भावजींच्या डोक्यात शिरंना. खांबावरचं बटण दाबायचं, समोर पांढरा माणूस उजळतो, मंग चालायचं.

"त्यो माणूस कोण?"

"कोणी नाही. दिवा असतो."

"दिवसभर उभा?"

"तुमच्यासारखाच. निवृत्त."

मंग तुझ्या बापानं, अनंतानं, जुन्या दारावरच्या घंटीचं बटण आणलं आन् पिठाच्या गिरणीसमोरच्या खांबाला तारेनं बांधलं. भावजी यायचे, बटण दाबायचे आन् उभे राहायचे. पर पांढरा माणूस आणायचा कुठनं? तेवढ्यात गिरणीतनं भैरू गिरणीवाला बाहेर आला, भुवयांपत्तूर पिठानं पांढराफटक. भावजी म्हणले, "उजाळला!" आन् वलांडून गेले.

झालं, त्येच सुरू झालं. भावजी बटण दाबायचे, भैरू दारात येईपत्तूर हलायचे न्हाईत. दोन दिसांनी भाजीवाल्या बाया त्येंच्या मागं थांबाया लागल्या. मंग शाळेची पोरं. मंग म्हातारी माणसं लांबलांबनं त्याच खांबापाशी यायची, म्हणायची हितं वलांडणं सोपं जातं. अगं, एका बसच्या डायवरनं भैरूला दारात बघून कचकन बिरेक मारला. आपल्या बिबवेवाडीत! जितं खरा लाल दिवा असला तरी कुणी त्येला इचारत न्हाई, तितं भैरूसाठी गाड्या थांबाया लागल्या. भैरू पार वैतागला. "गेनबातात्या, मी दळण दळू का दारात उभा राहू? लोकांचं पीठ जाड यायला लागलंय!"

व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुंबईला न्यायचं व्हतं तवा अनंतानं त्येंना पहाटं झोपेतच उचलून गाडीत घातलं. झोपलेल्या माणसाला कोण कुठं इचारणार? पर विमानात झोपलेला माणूस घेत न्हाईत, आपल्या पायानं जावं लागतं. म्हणून यज्ञेश्वररावांनी पाटी केली. जाड पुठ्ठा, काळी शाई, दोरी लावून गळ्यात घालायची. तूच मला मागं वाचून दाखवलीस, तवापास्नं पाठ हाय. "सदर इसम प्रवासास निघाले आहेत. 'कुठे' असे विचारू नये. फारच उत्सुकता असल्यास स्वतः जाऊन पाहून यावे."

निघायचा दिवस आला. मी भावजींच्या तळहातावर दही घातलं. पिशवीत मंदाच्या ओटीचा नारळ, बाळंतिणीला डिंकाचे लाडू तांबड्या फडक्यात बांधून. समद्या आळीला बजावून ठेवल्यालं. भावजी खाली आले तर वाण्यानं तोंडावर हात धरल्याला, रखवालदार भिंतीकडं तोंड करून उभा. मयतीला बी इतकी शांतता नसती गं. भैरू तेवढा गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला, पांढराफटक. भावजी म्हणले, "उजाळला," आन् जीपमधी बसले. पुढं अनंता, शेजारी यज्ञेश्वरराव, मागं मी आन् भावजी. अनंतानं काचा वर घेतल्या. येरवड्यात तुरुंगाच्या रस्त्याला भावजींनी हात जोडले. "आबा, निघालो. तुमच्यावानी कुठकुट लागून न्हाई निघालो."

विमानतळाच्या दारात बंदुकवाला जवान उभा. हिंदीतला पोरगा, चेहरा गोड. तिकीट बघितलं आन् म्हणला, "कहाँ जाना है, बाबा?"

अनंता म्हणला, "तात्या, त्यो हिंदीत बोलला. हिंदीतलं लागत न्हाई."

"कुठं ते कुठं," भावजी म्हणले. "मांजर हिंदी असलं म्हणून आडवं जात न्हाई का?" आन् रांगंतनं बाहेर आले, सामानाच्या गाडीवर टेकले, पाणी प्याले, गूळ खाल्ला. कालवण शिजंल इतका येळ गेला. यज्ञेश्वररावांनी जवानाला पाटी दाखवली. पोरगा भला, त्यानं ती वाचायला घेतली. मोठ्यानं. एकेक अक्षर लावत. "कु... ठे... कुठे! ये कुठे क्या होता है?"

भावजी नुकतेच उठले व्हते. पुन्हा टेकले.

"ज्या पाटीवर कुठे विचारू नये लिहायचं, तिच्यावर कुठे लिहावं लागतं, याला माझा इलाज नाही," यज्ञेश्वरराव म्हणले. विमानाची येळ सरत चालल्याली. अनंता गाडी लावायला गेल्याला. यज्ञेश्वररावांनी टोपी झटकली. "मी चहा घेऊन येतो. तोवर अमेरिका इकडे आली, तर तिला बसवून ठेवा."

ते गेले. भावजींचा चेहरा मला बघवंना. म्हणले, "वैनी, मंदा फोन बी करणार न्हाई म्हणली का?"

मी म्हणलं, "म्हणली."

"सोजर असती तर ह्या पोराचं तोंड तिनं लांबनंच मिटलं असतं." मंग एकदम उठले. "वैनी, परस्थान ठेवूया!"

तुला सांगते परस्थान म्हंजे काय. मुहूर्त साधायचाय पर निघायला जमत न्हाई, तवा एका फडक्यात नारळ, सुपारी, हळदीचे तांदूळ बांधून वाटंवरच्या शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे. ठेवले का माणूस निघाला. घरात जेवत बसला असला तरी शास्तरानं वाटंला लागला. मंग मागनं कुणी कुठं इचारू दे न्हाईतर दहा जण शिंकू दे, लागत न्हाई. जाताना ते उचलायचं आन् पुढं जायचं.

भावजींनी लाडू पिशवीत सोडले, त्या फडक्यात ओटीचा नारळ बांधला. सुपारी आन् तांदूळ त्येंच्या कनवटीला असायचेच. पर शेजारी कुठनं आणायचा? दाराच्या पलीकडं एक मोठा खांब व्हता. त्येच्या बुडाशी गाठोडं ठेवलं, नमस्कार केला आन् परत येऊन लांब टेकले. म्हणले, "जरा मुरू दे."

तेवढ्यात यज्ञेश्वरराव आले, दोन हातात दोन चहा. वाटंत खांब लागला. तांबडं गाठोडं, जवळ माणूस न्हाई. ते जागीच थिजले. हिकडं बघितलं, तिकडं बघितलं. मी हात हालवते, त्येंना वाटलं मी चहा मागतीया. नियम म्हंजे नियम! चहा तसाच हातात, आन् माणूस तरातरा जवानाकडं. "बेवारस वस्तू. मी हात लावलेला नाही."

मंग काय इचारतीस! शिट्ट्या, दोरखंड, पळापळ. समद्यांना मागं हाकललं, दारं बंद. एक साहेब वरडला का आता एक बी विमान हलणार न्हाई. मंग कुत्रं आणलं, काळं, चांगलं वासराएवढं. त्यानं गाठोडं हुंगलं, पुन्हा हुंगलं, आन् खाली बसलं.

कुत्रं बसलं का आत बाँबची दारू हाय, अशी त्येंची खूण. पोलीस पार हादरले. त्येंना काय ठाऊक फडकं लाडवाचं हाय आन् कुत्र्याला डिंकाचा वास लागलाय. भावजी मातूर खूश. मला म्हणले, "बगा वैनी, कुत्रं बी टेकलं. त्येला बी येताना कुणीतरी इचारलं असंल."

आन् तसेच उठून दोरापाशी गेले आन् मोठ्यानं म्हणले, "साहेब, त्यो माझा नारळ हाय."

चार पोलिसांनी भावजींना धरलं. यज्ञेश्वररावांच्या हातातला चहा सांडला. मी म्हणलं, "मी त्येंची वैनी हाय, मी बी येणार," आन् साडीचा पदर खोचून मागं चालले. कडंच्या एका दारानं आम्हाला आत नेलं. भावजी चालता चालता म्हणले, "वैनी, आबा बी असेच गेले असतील. त्येंचा भोपळा, माझा नारळ."

आत एक साहेबबाई बसल्याली. पद्मजा मॅडम म्हणत व्हते तिला. टेबलावर गाठोडं सोडून ठेवल्यालं. तिनं भावजींकडं बघितलं, फेटा, गळ्यात पाटी. पाटी वाचली. मनातल्या मनात वाचली. मंग म्हणली, "आजोबा, कुठून आलात?"

"बिबवेवाडी."

"नाव?" "बरोबर कोण?" "गोळ्या कसल्या घेता?" समदं इचारलं. तिकीट मागितलं आन् आपलं आपण बघितलं. भावजी माझ्या कानाला लागले, "वैनी, हिनं एवढं इचारलं, पर त्ये न्हाई इचारलं."

बाईनं हळदीचे तांदूळ बोटानं चिवडले. "परस्थान आहे ना हे?"

"व्हय."

"माझी आजी फलटणची. ती शेजारी ठेवायची." मंग आवाज चढवला, "आजोबा, परस्थान माणसाकडे ठेवतात! विमानतळावर खांबाकडे ठेवतात का? सगळी विमानं अडकलीत तुमच्यापायी!"

"खांब गरीब वाटला, बाई. लेक म्हणली, न्हाई आलात तर माहेर तुटलं. मला दुसरं काय सुचंना."

बाईनं सुपारी आन् तांदूळ फडक्यात बांधून भावजींच्या हातात दिले. नारळ उचलून आपल्या कपाटात ठेवला. "नारळ आत नेता येत नाही. तो माझ्याकडे राहू दे. मला शेजारीण समजा. उचला तुमचं परस्थान आणि निघा. विमान तुमच्यामुळंच थांबलंय, तुम्हाला सोडून गेलं तर त्याला शोभणार नाही."

भावजींनी गाठोडं कपाळाला लावलं. तवा ध्यानात आलं माझ्या, का आम्ही दाराच्या आतच हाय. ज्या दारात त्यो पोरगा कहाँ म्हणत व्हता, ते दार भावजींनी वलांडलंच न्हाई. पोलिसांनी धरून आत आणलं, आन् पोलीस एकदा धरल्यावर कुठं जायचंय म्हणून इचारत न्हाईत.

"येतो वैनी," म्हणले आन् गेले. वळून बघितलं न्हाई.

मी बाहेर आले तर यज्ञेश्वरराव रिकामे पेले धरून तसेच उभे. समदं ऐकलं. डोळे पुसले, मला दिसलं, पर बोलणं तेच. "एका माणसासाठी मी एवढी विमानं थांबवली. आभार मानायची पद्धत असते. त्यांना पत्राने कळवा."

दोन दिसांनी मंदाचा फोन आला. ह्या येळंला रडत व्हती, म्हणून मला बरं वाटलं. म्हणली, "काकू, आम्ही न्यायला गेलो होतो खरं, पण यांना म्हटलं, गाडी नीट लावू नका, बाबा नसणारच. आणि दार उघडलं तर फेटा! गळ्यात पाटी! सगळी माणसं वळून बघतायत. मी एवढंच म्हणाले, बाबा, कुठं होतात हो इतकी वर्षं?"

"बाई गं," मी म्हणलं. "मंग?"

"हसले. म्हणाले, आता विचार. पोचल्यावर विचारलं तर लागत नाही. आणि म्हणाले, कुठं जातोय बाळ? टेकलो होतो."

सोजरनं तिला लग्नातली ती बाभळीची गोष्ट लहानपणी शंभरदा सांगितल्याली. मंदा म्हणली, ते ऐकून तिला आईच बोलल्यासारखी वाटली. भावजींनी नातीला उराशी धरलं. जावयांनी सामान उचललं, समदे गाडीकडं निघाले, आन् दारातच नात शिंकली. एवढीशी शिंक. भावजी लेकीकडं बघाया लागले, लेक बापाकडं.

मंग मंदा तितंच बाकड्यावर बसली. भावजी तिच्या शेजारी बसले, मांडीवर नात. जावई दोन्ही हातात पेट्या घेऊन उभेच.

"अहो, उभे काय?" मंदा म्हणली. "टेका."